ठिपका नव्हे, कडं

गल्लीतल्या बायका अजूनही आवाज खाली आणून सांगतात, की टर्नरच्या बायकोने सख्ख्या भावाला त्या स्टुलावर मुद्दाम बसवलं. माहेरच्या घराला वारस दोघंच, एवढं बोलून त्या भुवया उडवतात. कुजबुजीला पुरावा लागत नाही, शेजार असला की भागतं.

टर्नर तसा साधा माणूस. जन्म कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात गेला. नखांतलं काळं ग्रीस लग्नाच्या फोटोतही दिसतं. निवृत्त झाल्यावर लोक भाजी निवडतात, बायकोला सल्ले देतात. याने इलेक्ट्रॉन धरला. वाचनालयातल्या एका पुस्तकात त्याने वाचलं, की इलेक्ट्रॉनला लांबी-रुंदी काही नसते, तो नुसता ठिपका, आणि तरी त्याला गिरकी असते. त्या दिवशी तो धड जेवला नाही. ज्याला अंगच नाही ते फिरणार कसं, असं त्याने बायकोला विचारलं, जणू तो ठिपका तिनेच माहेराहून आणला होता. मग त्याचं मत पक्कं झालं. इलेक्ट्रॉन म्हणजे ठिपका नव्हे, कडं. स्वतःभोवती फिरणारं, फिरता फिरता झंकारणारं. आणि पुस्तकवाले इलेक्ट्रॉनचा जो दोनशे पट जाडा भाऊ दाखवतात, तो कुणी वेगळा नव्हेच. कडं तेच, फक्त वरच्या सुरात वाजणारं. सूर चढला की वजन वाढलं, हा त्याचा सिद्धांत.

बायको पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालवायची. तिला जाड्या भावाशी कर्तव्य नव्हतं. पण म्हातारा खूश आहे, घरात आहे, हे तिला पुरत होतं. त्याने परातीएवढं पोलादी कडं कातलं, मागच्या खोलीत मोटर आणि पट्टा बसवला. वेग वाढवत नेला की कड्याचा सूर कसा बदलतो, ते तो कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना ऐकवणार होता. रोज सकाळी तो कडं दोरीला टांगून हातोडीने ठोकून बघायचा. लांबत जाणारा तो नाद तिच्या अंगवळणी पडला होता, नवऱ्याच्या घोरण्यासारखा.

एक गोष्ट मात्र उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. टर्नरला ऐकू येत नव्हतं. कान कारखान्यातच राहिले होते. तो ओठ वाचून वेळ मारून न्यायचा आणि विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायचा. कड्याचा सूर तो बोटाने घ्यायचा. दोरीला बोट लावायचं, थरथर आली की मान डोलवायची.

"कुणाला बोलू नकोस," त्याने तिला एकदा सांगितलं होतं. "बहिऱ्याच्या सुरावर कोण विश्वास ठेवणार गं?"

तिने शब्द दिला होता.

प्राध्यापक यायच्या आदल्या आठवड्यात कडं त्याच्या हातून निसटून फरशीवर आदळलं. त्याने पुसून, उजेडात फिरवून पाहिलं; साधा ओरखडाही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी पडली आणि पुढच्या खोलीत बायकोचा पाय मशीनवरच थबकला. आवाज बद्द आला. मडकं वाजवून घेणारी कुठलीही बाई ओळखेल, तसा. ती उठून आत गेली आणि त्याच्यासमोर उभी राहून सावकाश म्हणाली, "अहो, याला चीर गेलीय."

त्याने तिचे ओठ वाचले. मग दोरीवरचं बोट दाखवलं. थरथरतंय की, म्हणाला. वर हेही सुनावलं, की हिला नवऱ्याचं चांगलं कधी बघवलंच नाही. ती परत येऊन सुई ओवायला बसली, तर दोरा नेढ्यात जाईना.

रविवारी दुपारी प्राध्यापक आले. भले गृहस्थ, चहा न सांडता मान डोलवणारे. त्यांना नीट दिसावं म्हणून टर्नरने कड्यापुढची लोखंडी जाळी काढून भिंतीला टेकवली. तेवढ्यात न बोलावता तिचा धाकटा भाऊ टपकला. हा बस चालवायचा, आणि बसपेक्षा तोंड जास्त. आल्या आल्या प्राध्यापकांना सांगू लागला, की दाजींनी ताईला उभ्या आयुष्यात कधी फिरवलं नाही, आता कडं फिरवून पाप फेडतायत. टर्नर सगळ्यांच्या आधी हसला. भावाने स्टूल ओढलं आणि बरोबर कड्याच्या रेषेत, हाताच्या अंतरावर बसला.

ती चहाचा ट्रे घेऊन दारात होती. बटण समोरच्या भिंतीवर, मोटरच्या पलीकडे.

"इकडे ये, माझ्याजवळ बस," ती म्हणाली.

"पहिल्या रांगेचं तिकीट आहे माझं, ताई."

टर्नरने बटण दाबलं. पट्टा फटफटला, मग सरळ झाला. कड्याची कड दिसेनाशी झाली. एक राखाडी चकती तेवढी उरली. गुणगुण वर चढू लागली आणि त्या गुणगुणीच्या पोटात दुसरा एक आवाज होता, दातांत खडा आल्यासारखा. प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडली. टर्नर मोटरच्या चौकटीवर तळवा ठेवून सूर घेत होता.

"ऊठ तिथून," ती भावाला म्हणाली. या वेळी आवाज असा होता, की भावाचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"का गं? काय झालं?"

टर्नरने तिचे ओठ वाचले होते. त्याने तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने एवढ्या अजिजीने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या जिभेवर आलेलं तिथेच थांबलं. "काही नाही," ती म्हणाली. पण ट्रे खाली ठेवून ती बटणाकडे निघाली. मोटरला वळसा घालावा लागत होता. टर्नरने वेग आणखी वाढवला आणि बोटाने तशी खूण प्राध्यापकांना केली.

ती निम्म्यावर पोचली असताना कडं फुटलं. एक तुकडा छतात रुतला. दुसरा भावाला लागला, तो जागीच गेला.

त्याला मागच्या बोळातून नेलं, म्हणून गल्लीला तो घरात शिरताना दिसला आणि बाहेर पडताना दिसलाच नाही. तिला मात्र अंगणात स्टूल धुताना सगळ्यांनी पाहिलं. टर्नरचे कान त्या स्फोटाने गेले, असं लोक हळहळून म्हणू लागले, आणि तिने ते म्हणू दिलं. मागच्या खोलीला कुलूप लागलं. वाचनालयातलं पुस्तक तिनेच परत केलं.

भाऊ त्या स्टुलावर स्वतःहून बसला. तिने त्याला दोनदा उठायला सांगितलं. कड्याला चीर आहे आणि नवऱ्याला ऐकू येत नाही, हे तिने सांगितलं नाही.