बेडकीचा नकार

नाशिक रोडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला नवी लागले, तेव्हा मी चक्क बेडकांचं लग्न जुळवलं होतं, इतकी मी शहाणी! आज घरची टाकी घासताना शेवाळाचा वास आला आणि प्रयोगशाळेतली ती बेडकांची काचपेटी आठवली. वर्गाला अंडी दाखवून छाप पाडायची होती. म्हणून दोन वेगळ्या तळ्यांतले, दिसायला अगदी सारखे नर-मादी तिच्यात एकत्र ठेवले. तो गळा फुगवून ओरडत राहिला, ती पाठ फिरवून बसली. "नखरेल मेली!" मी चिडले.

आता तिचं कौतुक वाटतं. न पटलेल्या, परक्या हाकेला माद्या अशा नकार देत गेल्या, म्हणून तर बेडकांच्या नव्या जाती वेगळ्या झाल्या. तेव्हा मात्र आमचे सिन्नरचे शिपाई दगडूमामा हसून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला दोघं सारखी दिसत्यात, पण नांदायचं तिला हाय ना?"