काचेचा धागा आणि आबांची टिचकी

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. काचेच्या धाग्याला बोट लागलं, की तो धागा कापायचा. मग तो कितीही धडधाकट दिसो. बोटानं काचेवर न दिसणारा ओरखडा पडतो, पण धागा लगेच तुटत नाही, हीच खरी भीती. तो तासभर टिकेल नाहीतर आठवडाभर, आणि नेमका कुणी टांगलेल्या वजनाखाली असताना तुटेल.

दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की अवकाशच थरथरतं. ती थरथर टिपणाऱ्या वेधशाळांत आरसे अशाच बारीक धाग्यांवर टांगतात, जमिनीचे हादरे त्यांच्यापर्यंत पोचू नयेत म्हणून. तसे धागे ओढायचा सराव कोल्हापुरात आम्ही दोघी करत होतो, मी आणि माझी एक मैत्रीण. किती तुटले त्याला गणती नाही. अखेर एकानं वरवंट्याएवढं वजन पेललं. दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे तज्ज्ञ ते बघायला येणार होते आणि पुढचं काम आम्हाला द्यायचं की नाही हे ठरवणार होते.

नेमके त्याच दुपारी आबा आले. वडील माझे, उचगावच्या फौंड्रीत जन्म गेला. ओतलेलं कास्टिंग वाजवून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर आत तडा. घरात नवी कढई आली तरी आधी टिचकी, मग फोडणी! मी हौसेनं त्यांना धागा, त्याला टांगलेलं वजन आणि पडलंच तर झेलायला खाली ठेवलेला आधार दाखवला, नियम बजावून सांगितला आणि चहा सांगायला दारापर्यंत गेले.

मागून 'टिंग' असा आवाज आला.

वळून बघते तर आबा हात पाठीमागं घेऊन उभे.

"आबा, काय वाजवलं?"

"वजन वाजवलं की. झ्याक वाजतंय."

"धाग्याला बोट लागलं?"

"न्हाय."

वजनाला टिचकी मारली तर काही बिघडत नाही. धागाही तसाच चकचकीत दिसत होता. पण बोट लागलंच असेल, तर धागा कापायलाच हवा होता. कापावा, तर उद्या दाखवायला काही नाही. काम गेलंच म्हणून समजा. मला आबांवर विश्वास ठेवायचा होता, कारण तेच सोयीचं होतं. पुन्हा विचारायचीसुद्धा भीती वाटत होती. 'व्हय' म्हणाले तर?

तरी तोंडातून निघालंच. "आबा, उद्या आम्ही खालचा आधार काढणार. माझी मैत्रीण वजनाखाली दोन्ही हात घालून आरसा बसवणार. धागा तुटला, तर वजन तिच्या बोटांवर पडेल."

आबांनी पाठीमागचा हात पुढं घेतला आणि आपल्या बोटाकडं बघितलं. फौंड्रीत माणसांची बोटं गेलेली त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. चार घरं पलीकडं ऐकू जाईल असं बोलणारा हा माणूस. पण आता त्यांचा आवाज ऐकायला मला पुढं व्हावं लागलं.

"काप, पोरी."

मी आधार वर चढवून वजनाला टेकवला आणि कटर उचलला. धागा पात्यात आला, पण कटर दाबवेना. आबांनी माझं मनगट घट्ट धरलं. मी कटर दाबला.