पुष्पाभाभींनी न फाडलेला कागद

नववीच्या वर्गात मी फळ्यावर त्रिकोण काढत होते, तेव्हा शिपाईमामा दाराशी येऊन उभे राहिले. "मॅडम, पुष्पाभाभी गेल्या..." सकाळी दुकानातच छातीत दुखू लागलं आणि जालन्याला नेताना, राजूर ओलांडल्यावर वाटेतच सगळं संपलं. आदल्याच दिवशी त्या शाळेच्या फाटकाशी भेटल्या होत्या. नमस्कार-चमत्कार न करता नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला होता, "मॅडम, आज पोरी किती आल्या?" मी घाईत होते. "आल्यात बऱ्याच," असं सांगून आत गेले. पोरी मोजून सांगायला हव्या होत्या, हे आता रोज मनात येतं.

भाभींचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण चार पिढ्या इथल्याच. केदारखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान. थोरली दोन्ही मुलं जालन्याला इंग्रजी शाळेत शिकली. धाकटी रश्मी मात्र हट्टानं आमच्या सरकारी हायस्कुलात आली आणि भाभी शाळेच्या समितीवर आल्या. "तुमचे लेकरं तर जालन्याला शिकले," असं कुणी तोंडावर म्हटलं तर त्या खाली बघत. मग सांगत, "म्हणूनच विचारून राह्यले. तेव्हा इथल्या शाळेला मी काहीच विचारलं न्हाई. पोरं उचलली अन् नेली."

तीन वर्षांपूर्वी, पट कमी झाल्यामुळे आमची नववी-दहावी बंद होणार, अशी कुणकुण गावात सुरू झाली. रोज कुणीतरी दाखला मागायला यायचं. कार्यालयाच्या दाराशी चप्पल वाजली तरी आम्ही शिक्षक वळून बघायचो. शाळेबद्दल बाजारात, हॉटेलात, पिठाच्या गिरणीवर सगळे बोलत, शाळेत येऊन मात्र कुणी बोलत नसे. भाभींनी तेव्हा कोरे कागद वाटले. पालकांनी आणि मुलांनी नाव न घालता, शाळेबद्दल वाटेल ते लिहायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी स्वतः लिहून घेतलं. शनिवारच्या सभेत हे सगळे कागद वाचायचे होते.

गुरुवारी संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या. पाणी घेतलं नाही. पर्समधून एक घडी काढून माझ्या हातात दिली. "बिलकुल राग धरू नका, मॅडम. आधी तुम्ही वाचा."

'गणिताच्या मॅडम पुढच्या दोन रांगांना शिकवतात. आम्ही मागं बसतो. हात वर केला तरी त्यांना दिसत नाही. मंग आता आम्ही हात वर करत नाही.'

अक्षर मी ओळखलं. अर्चनाचं होतं. सतरा वर्षं शिकवत होते, आणि ती मुलगी माझ्यासमोर दीड वर्ष बसली होती. कान तापले. सभेत सगळे पालक, मुख्याध्यापक, शिक्षण खात्याचे साहेबही येणार होते. आधी तिचा राग आला आणि मग स्वतःच्या अब्रूची भीती वाटली... "भाभी, एवढा एक कागद राहू द्या ना," मी म्हणाले.

"मंग बाकीचे पण वापस द्यावे लागतील," त्या म्हणाल्या. "मी फाडत न्हाई. अन् मी वाचणार पण न्हाई. सभेत तुम्हीच वाचा."

दोन दिवस जेवण गेलं नाही. शनिवारी मी उभी राहिले आणि वाचलं. मग अर्चनाचे वडील उठले. ते म्हणाले, "आम्ही तर आज दाखला काढायलाच आल्तो." मागं वळून त्यांनी सगळ्यांदेखत पोरीला विचारलं, "बोल, राहायचं का इथं?" ती जमिनीकडे बघत होती. म्हणाली, "मॅडम मागं येत असतील तर राहते."

सोमवारपासून मी मागच्या भिंतीशी उभी राहून शिकवू लागले. त्या वर्षी काही मुलं गेलीच, पण वर्ग टिकले. अर्चना दहावी झाली, आता मंठ्याला मावशीकडे राहून पुढं शिकते आहे. भाभींनी त्या कागदाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्यावाचून पहिली पालकसभा झाली. पट पुन्हा घसरलाय. वर्गात उन्हाची तलखी, आणि पंख्याची खडखड इतकी की पुढच्याचंही नीट ऐकू येईना. सभा सुरू झाली की भाभी उठून पंखा बंद करायच्या. पुरुष कुरकुरत, तर म्हणत, "घाम येऊ द्या. मागच्या बायांचं ऐकू येत न्हाई." त्या दिवशी कुणीच उठलं नाही. साहेब बोलत राहिले, माना हलत राहिल्या. आता असंच चालणार, या धास्तीनं मी खुर्चीतून उठले. तोवर दाराशी उभ्या असलेल्या एका बाईनं डोक्यावरचा पदर सावरत बटण दाबलं होतं. पाती थांबायला वेळ लागला... सगळे तिच्याकडे बघत होते.

"मॅडम," ती म्हणाली, "यंदा दहावी राहणार का न्हाई, ते बराबर सांगा."

तिचा प्रश्न मागच्या भिंतीपर्यंत सगळ्यांना ऐकू गेला होता.