जाईल ते गाजरगवत

सरोजला कोणी "इथून जा" म्हटलं, की ती मुद्दाम आणखी ऐसपैस बसायची. हा स्वभाव चांगला की वाईट ते शेजारपाजारच्यांनी खुशाल ठरवावं, पण सत्त्याऐंशी साली कोपरच्या त्या तीन मजली बिल्डिंगीत जे झालं, ते ह्या स्वभावापायीच झालं.

सरोज मूळची चिपळूणकडची. नवरा गुणाजी ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागे हातभर अंगण, एवढ्यासाठी दोघांनी अर्धी उमर भाड्याच्या खोलीत काढलेली. अंगणात तिने अबोली लावली, अनंत लावला, कढीपत्ता लावला. मग बिल्डिंगीभोवती भराव घालायला शीळफाट्याकडून ट्रक भरभरून माती आली आणि मातीबरोबर नको तो पाहुणाही आला. जमिनीलगत पसरलेली, कातरलेल्या पानांची नाजूक रोपं. सरोजला वाटलं, शेवंती! तिने हौसेने पाणी घातलं, वर शेणखतही घातलं. महिना-दीड महिन्यात ती शेवंती कमरेला लागली, तिच्यावर साबुदाण्याएवढी पांढरी फुलं आली आणि सरोजचे हात कोपरापर्यंत लाल झाले. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आवडाबाईंनी खिडकीतून सांगितलं, "अगं, गाजरगवत आहे ते! त्याला खत कसलं घालतेस?"

आपण फसलो ह्याचा सरोजला खाजेपेक्षा जास्त राग आला. दसरा होताच तिने पदर खोचला आणि अंगणापासून फाटकापर्यंतचं सगळं गवत मुळासकट उपटलं. आता हे टाकायचं कुठे? माहेरी वैशाखात राब भाजायचे. भाताची रोपं जिथे करायची त्या जमिनीवर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून पेटवून द्यायचं, म्हणजे जमिनीतलं तणाचं बी जळतं. सरोजने तेच करायचं ठरवलं. फुलांनी लगडलेल्या गवताचे भारे फाटकापासून जिन्यासमोरून ओढत नेऊन मागच्या भिंतीशी रचले आणि वैशाखापर्यंत वाळू दिले. मग एका संध्याकाळी काडी लावली. अख्खी बिल्डिंग खोकली. सरोज मात्र कमरेवर हात ठेवून समाधानाने बघत होती.

आषाढात उत्तर मिळालं. जिथे राब भाजला होता, तिथे गवताची काडी नव्हती. पण भारे ओढत नेले होते त्या वाटेवर, फाटकापासून जिन्यापर्यंत, गाजरगवताचा हिरवागार पट्टा उगवला होता. फुलातलं बी आगीपर्यंत पोचलंच नव्हतं, ते वाटेतच सांडलं होतं.

"वहिनी, तुम्हीच पेरलंत की हो," सोसायटीचे सेक्रेटरी त्र्यंबकराव म्हणाले.

"मी पेरलं ना? मग मीच काढीन," सरोज म्हणाली.

पण ह्या खेपेला अंग ऐकेना. डोळे सुजले, मानेवर चट्टे उठले. डॉक्टरांनी गुणाजीला बाजूला घेऊन सांगितलं, जागा बदला, नाहीतर हे कायमचं मागे लागेल. गुणाजी घाबरला. त्याने खोल्यांना गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली आणि तोवर हिला माहेरी घेऊन जा, असा निरोप मेव्हण्याला, परशुरामला धाडला.

सरोजला रात्रभर झोप लागली नाही. ती मनातून खरोखरच घाबरली होती. एकदा गेलो की हे घर परत दिसायचं नाही, हे तिला पक्कं कळत होतं. उजाडताच तिने गुणाजीचा लांब बाह्यांचा सदरा चढवला, तोंडाला ओढणी गुंडाळली, हातांत दुधाच्या पिशव्या घातल्या आणि बाहेर पडली. ह्या वेळी फुलं यायच्या आत, पावसाने भुई मऊ आहे तोवर, एकेक रोप मुळाला धरून. मग रोज सकाळी हेच. अंगण झालं, फाटक झालं, तशी ती कुंपणापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर शिरली.

"वहिनी, ती जागा आपली नाही!" त्र्यंबकराव गॅलरीतून ओरडले.

"जागा नसेल, पण बी आपल्याकडेच येतंय ना?"

अंगणाच्या एका कोपऱ्यात टाकळा माजला होता. त्याच्या दाटीत गाजरगवताचं एकही रोप नाही, हे तिने हेरलं. गुणाजी जेवायला बसला आणि म्हणाला, "यंदा टाकळ्याची भाजी नाही केलीस?"

"नाही करायची. बी धरू दे त्याला. पुढच्या वर्षी सगळीकडे टाकळाच फेकणार आहे."

"पुढच्या वर्षी?" गुणाजीने विचारलं.

श्रावणात परशुराम आला. बहीण घरात नव्हती. प्लॉटवर चिखलात ओणवी झालेली ती आकृती आपली सरू आहे, हे ओळखायला त्याला वेळ लागला.

"काय गो हे सोंग? चल, बॅग भर. रात्रीच्या गाडीची तिकिटं काढलीत."

"मी नाही येणार, दादा."

"अगो, डॉक्टर काय येडा आहे? तोंड बघ आरशात!"

सरोज सरळ उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं, ते खाजेचं की कसलं, तिलाही सांगता आलं नसतं. "माहेरी मी दिवाळीला येईन, मिरवत येईन. गवताला भिऊन नाही येणार. मी गेले की हे जिना चढेल, वरच्या पोरांच्या अंगावर उठेल, आणि लोक म्हणतील, पेरून पळाली. घर माझं आहे. दोघांतलं एक जायचं असेल तर त्याने जायचं!"

 परशुरामने घड्याळ काढून खिशात टाकलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"पिशव्या आणखी आहेत काय?"

"आहेत. आणि मुळाला धर, नुसता शेंडा तोडू नको."

अंधार पडेपर्यंत भाऊ-बहीण पाठीला पाठ लावून उपटत होते. रात्रीच्या एसटीने परशुराम एकटाच निघाला आणि चिपळूण येईपर्यंत हात खाजवत बसला.