उंट सरळ चालला तेव्हा

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मी बागेत अनोळखी पुरुषांशी बुद्धिबळ खेळायला लागले आणि घरी कुणालाच सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. त्र्यंबक रोडवरच्या एका सरकारी कचेरीत मी टायपिस्ट होते. कचेरीमागे महापालिकेची छोटी बाग होती. शिरीषाच्या झाडाखाली सिमेंटच्या बाकांवर निवृत्त माणसं पट मांडून बसायची. मला हा खेळ वडिलांनी शिकवला होता, पण सासरी खेळणारं कुणी नव्हतं. पंधरा-वीस दिवस मी नुसती लांबून बघत राहिले. एकदा कुणीतरी वजीर फुकट घालवला आणि माझ्या तोंडून "अरेरे!" निघून गेलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बाकावर सरकून म्हणाले, "बसा ताई. नुसतं अरेरे करून काय उपयोग?"

पुढे माझे डाव त्यांच्याशीच व्हायला लागले. मी त्यांना काका म्हणायची. नाव कधी विचारलं नाही. तिथे कुणी कुणाचं विचारतच नसे. मी हरायला लागले की चिडायची, घाईघाईने सोंगट्या हलवायची. ते शांतपणे म्हणायचे, "दमानं घ्या ताई. घोडं काय कुठं पळून चाललं नाय."

घरी मी "कचेरीत काम होतं" असं सांगायची. नवरा सातपूरच्या कारखान्यात पाळीवर असे, पण सासूबाईंचं लक्ष घड्याळावर असायचं. परक्या पुरुषांसमोर बागेत बसते हे कळलं तर काय होईल, याचा विचारही करवत नव्हता. फाटकावरून ओळखीची स्कूटर गेल्यासारखी वाटली की मी पटकन मान खाली घालायची. तरी मी जातच होते.

तो दुसरा शनिवार होता, कचेरीला सुट्टी. तरी तपासणी आहे असं खोटं सांगून मी निघाले. दुपारचे चार वाजले होते. बाकी मंडळी आली नव्हती. लांब माळी नळी धरून हिरवळीला पाणी घालत होता. काकांनी पट मांडला, डाव सुरू झाला, आणि त्या दिवशी मी चक्क वरचढ होते. माझा हत्ती त्यांच्या वजिरावर रोखलेला होता.

काकांनी उंट उचलला आणि सरळ तीन घरं पुढे नेला.

"काका, उंट सरळ जात नाही, तिरका जातो," मी म्हणाले.

ते हसले. उंट मागे घेतला, आणि पुन्हा सरळच पुढे ठेवला. मला राग आला. स्वतः हरायला लागले तर आता माझी थट्टा करतात, असं वाटलं. मी बऱ्याच जोरात बोलले, "हे बरं नाही हं काका. जमत नसेल तर डाव सोडा." ते गप्प बसून पटाकडे बघत राहिले. मीही हाताची घडी घालून बसले. त्यांनी माफी मागावी म्हणून मी वाट बघत होते. दहा मिनिटं गेली असतील.

मग त्यांच्या हातातून उंट खाली पडला. उचलायला ते वाकलेच नाहीत. मी मान वर करून पाहिलं तर तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती आणि मिशीवरून लाळ गळत होती. ते काहीतरी बोलत होते, पण त्यात एकही शब्द नव्हता. डोळे मात्र माझ्याकडे लागले होते. इतका घाबरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मी किंचाळले. माळी नळी टाकून धावत आला. आम्ही दोघांनी मिळून त्यांना कसंबसं रिक्षात घातलं. त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली होती आणि मी सारखी म्हणत होते, "काका, आलं हं हॉस्पिटल, आलंच." त्यांचा चष्मा घसरत होता, तो काढून मी पर्समध्ये ठेवला.

सरकारी दवाखान्यात त्यांना आत नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "अर्धांगाचा झटका दिसतोय. कधीपासून असं होतंय?"

मी म्हणाले, "आत्ताच." आणि लगेच घाबरून म्हणाले, "नाही, त्याच्या दहा मिनिटं आधीपासून. मला कळलं नाही." डॉक्टर घाईने आत गेले.

टेबलावरच्या कारकुनाने कागद पुढे ओढला. "पेशंटचं नाव?"

"माहीत नाही."

"पत्ता?"

"तोही नाही."

"मग तुम्ही कोण त्यांच्या?"

शेजारच्या बाकावरचा हवालदार उठून जवळ आला. माझं नाव आणि पत्ता लिहून घ्यावा लागेल, म्हणाला. उद्या पोलीस घरी आले तर? सासूबाईंनी दार उघडलं तर? त्या क्षणी तिथून निघून जावं असं माझ्या मनात आलं, हे आज लपवत नाही. दार समोरच होतं. मी दोन पावलं टाकलीही. पण पर्समध्ये त्यांचा चष्मा होता. मी परत फिरले आणि माझं खरं नाव आणि पत्ता सांगितला.

हवालदाराने काकांचे खिसे तपासले. रुमाल, सुपारीची पुडी आणि चष्म्याचं रिकामं घर. त्या घरावर सिन्नरच्या एका चष्म्याच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर छापलेला होता. मी बाहेरच्या एसटीडी बूथवर धावले. दुकानदाराला म्हणाले, "पांढऱ्या मिशा आहेत, उजव्या भुवईवर जुना व्रण आहे, बुद्धिबळ खेळतात..."

"बुद्धिबळ?" तो म्हणाला. "अहो, मग ते आमचे कंडक्टर! एसटीतून रिटायर झालेत, तरी रोज एसटीनेच तिकडे खेळायला जातात. काय झालं त्यांना?" मी सांगितलं. तो म्हणाला, "दुकान बंद करून मी स्वतः त्यांच्या घरी जातो. तुम्ही तिथून हलू नका."

मी हलले नाही. दर वेळी आतलं दार उघडलं की वाटायचं, आता गेले म्हणून सांगतील, आणि ते माझ्यामुळे गेले. सातच्या सुमाराला जीपने त्यांची बायको आली. ठेंगणी, नऊवारीतली बाई. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. मी चाचरत म्हणाले, "मी... मी त्यांच्याशी बुद्धिबळ खेळते."

"म्हणजे तुमीच का त्या?" ती म्हणाली. "ते सांगायचे घरी. एक ताई हाय, हरली की लय चिडती." आणि माझा हात धरून ती रडायला लागली. मीही रडले. उंटाची गोष्ट मात्र मला तिला सांगता आली नाही.

घरी पोचले तेव्हा नवरा कपडे बदलत होता. पोलिसांच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून मी दारातच सगळं बोलून टाकलं. सासूबाईंनी माझ्या हातातली पर्स घेऊन खुंटीला अडकवली. मग म्हणाल्या, "खोटं कशाला बोलायचं गं इतके दिवस?" बाकी काही नाही. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मला दवाखान्यात सोडायला आला.

काका वाचले, पण उजवा हात आणि वाचा गेली. दोन महिन्यांनी मी आणि नवरा सिन्नरला गेलो. खाटेवर उशीला टेकून ते बसले होते. त्यांच्या बायकोला स्वयंपाकघरात गाठून मी अखेर सांगितलं की झटका आल्याची खूण मला दिसली होती आणि मी त्यांना रागावत बसले होते. ती चहा गाळत होती. गाळणं तसंच धरून म्हणाली, "ताई, मी तर चाळीस वर्सं त्यांना वळखते. मला तरी कळलं असतं का?"

ते उत्तर मी पुष्कळदा आठवते. त्याने माझी टोचणी अर्धीच गेली. पुढे बागेत मी कितीतरी वर्षं खेळले, आता घरी सांगून. पण समोरचा माणूस चाल करायला वेळ लावू लागला की मला पट दिसेनासा होतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसते. एकाने चिडून विचारलंही, "बाई, खेळताय की फोटो काढताय माझा?" मी त्याला म्हणाले, "काहीतरी बोला ना जरा." तो म्हणाला, "काय बोलू?" शब्द नीट आले होते. त्याने प्यादं सरकवलं आणि मी माझी चाल केली.