सविस्तरकाकांची नोटीस

इमारतीच्या सचिवांना सगळे सविस्तरकाका म्हणत. अकरा वर्षांत त्यांनी एकही नोटीस दोन पानांच्या आत आटोपली नव्हती. आधी संदर्भ, मग पूर्वपीठिका, मग आभार. मुद्दा सापडलाच तर शेवटी. नोटीस इमारतीच्या वेबसाइटवर चढली की काका स्वतःच ती पुन्हा वाचत आणि समाधानाने मान डोलवत.

एका बुधवारी सकाळी दारावर थापा पडल्या. बाहेर तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. कमरेला टॉवेल, डोक्यावर फेस, एक डोळा मिटलेला.

"काका, पाणी!"

"टाकी धुताहेत. नोटीस वाचली नाहीत?"

"वाचली की! म्हणजे ब्राउझरने वाचली. सारांशाचं बटण दाबलं, तर म्हणतो, सचिवांनी सर्व सभासदांचे मनःपूर्वक आभार मानले आहेत. म्हटलं, वा! आता रविवारच्या सभेत मी नवा सचिव सुचवतो. मग मीही मानेन तुमचे आभार."

काकूंनी भरलेली बादली पुढे केली. "न्या हो डॉक्टर. मला ठाऊक होतं. लिहिताना तीनदा ऐकवलीय मला."

डॉक्टर गेले तसा काकांचा पारा चढला. "त्या यंत्राला काडीची अक्कल नाही!"

सूनबाईने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "बाबा, त्याच्यावर खापर फोडण्याआधी पाणी कुठे आहे ते दाखवा बरं."

काका शोधू लागले. पहिल्या पानावर संदर्भ, पूर्वपीठिका आणि आभार. दुसऱ्या पानावर उरलेले आभार. पाणी सापडलं तिसऱ्या पानावर, आठव्या कलमाच्या पोटात, 'तात्पुरती गैरसोय' असं पांघरूण घेऊन.

"म्हणजे त्याने जास्त दिसलं तेच सांगितलं," सून म्हणाली. अकरा वर्षांचं सचिवपद आठव्या कलमात बुडणार होतं.

गुरुवारी लिफ्टच्या दुरुस्तीची नोटीस लिहायची होती. काकांनी दोन पानं लिहिली आणि लोकांना दाखवण्याआधी स्वतःच ते बटण दाबलं. सारांश आला: सचिवांना लिफ्टबद्दल आदर आहे. काकांनी पूर्वपीठिका उडवली. पुन्हा बटण. मग संदर्भ गेला. पाचव्या खेपेला ब्राउझर सरळ बोलला: शुक्रवारी दहा ते चार लिफ्ट बंद. तोवर नोटीस दोन ओळींची उरली होती आणि सारांश तीन ओळींचा.

"अगं, इकडे ये! हा आता माझ्याहून लांबण लावतोय!" काकांनी काकूंना हाक मारली. "कामाचा आहे गं, पण आधी मलाच सुधारावं लागलं."

शुक्रवारी लिफ्टपाशी कोणी ताटकळलं नाही. डॉक्टर तर साडेनऊलाच खाली उतरले होते.

रविवारी सभेत तेच उठले. काकांनी खिशातला कागद चाचपला.

"सचिव हेच राहू देत," डॉक्टर म्हणाले. "फक्त नोटिसा लिफ्टसारख्या लिहा, टाकीसारख्या नकोत."

सगळे हसले. काका उत्तराला उभे राहिले. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला तसा काकूंनी कपाळाला हात लावला. काकांनी कागद उलगडला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि परत खिशात ठेवला.

"आभारी आहे," म्हणाले आणि बसले.

पहिली टाळी काकूंनी वाजवली.