कंडक्टर मामांची वाटी

खानावळीत ताटं धुऊन होतात, मतं राहतात. माणूस जेवतो, हात पुसतो, बडीशेप तोंडात टाकतो आणि जाता जाता रश्शाबद्दल एक वाक्य सोडून जातो. त्याची गाडी पार निर्मल गावाच्या पुढे गेलेली असते, पण वाक्य इथंच चुलीपाशी बसलेलं असतं. मी लग्न होऊन इचोड्याला आले तेव्हापासून अशी वाक्यं साठत गेली. लिहून कुठं ठेवली नाहीत, तरी एकही हरवलं नाही.

आमची खानावळ हायवेला लागून. चार टेबलं, वर पत्रे. मटण, चिकन, भात आणि ज्वारीची भाकर. मी रांधते. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, भाकरी थापतात. आमचे हे वाढतात आणि गल्ल्यावर बसतात. गल्ल्याशेजारच्या बाकड्यावर आमची राणू बसते. तेव्हा ती तीन वर्षांची होत आली होती. सगळं ऐकायची, सगळ्यांची तोंडं बघायची, पण बोलायची नाही. आई नाही, बाबा नाही, एक शब्दसुद्धा नाही.

अख्ख्या खानावळीत मत नसलेली तेवढी एकच!

*

इचोडा म्हणजे नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं, तेलंगणातलं मधलं ठिकाण. वरून येणारा नागपूरच्या सावजी मटणाचं सांगतो, खालून येणारा हैदराबादच्या बिर्याणीचं. आमच्या हंडीकडे बघून दोघांनाही दुसरंच काही आठवतं.

नागपूरचा एक ड्रायव्हर आहे, फरशीचा ट्रक घेऊन येतो. त्याचं एकच म्हणणं. "भाभी, मटन ऐसा होना कि कान से धुआँ निकले!" म्हणून एक दिवस मी मिरची वाढवली. घास घेतला तर त्याचे कान लाल, डोळ्यांतून पाणी. "भाभी, आज जरा ज्यादा हो गया."

त्याच बाकड्यावर आमचे बँकवाले सार बसले होते. हे करीमनगरकडचे, मराठी शिकून राहिलेत. त्यांनी तोच रस्सा भातावर ओतला, शांतपणे जेवले आणि म्हणाले, "अक्का, आज पण कारम नाही." कारम म्हणजे तिखट.

मी डोक्याला हात लावला. आता कोणाचं ऐकायचं? आमचे हे कधी नव्हे ते बोलले, "दोघायचे ताटं पाह्य. काई ठेवलं का त्यायनं?"

दोन्ही ताटं पुसल्यासारखी स्वच्छ होती.

*

पण खरं मत कंडक्टर मामांचं.

मामा म्हणजे बसचे रिटायर कंडक्टर. जन्म सगळा नागपूर ते हैदराबाद रस्त्यावर गेलेला, त्यामुळे कुठल्या गावाला काय खावं हे त्यांना तोंडपाठ. निर्मलला डाळ खा. कामारेड्डीला चहा पिऊ नका, ते गरम पाणी असते. नागपूरला मटनात तेल पाहून घ्या, तेलात मटन सापडलं तं नशीब!

रोज दुपारी येतात, राणूच्या शेजारी बसतात. जेवायला सुरुवात केली की पहिला घास खातात, चमचा टेबलावर दोनदा वाजवतात. टक टक. बस सोडायची घंटी द्यावी तसं. सगळे त्यांच्याकडे बघतात. मग एकच शब्द.

"अळनी."

एवढं बोलून वाटी संपवतात. आपल्याच वाटीत भाकरीचा तुकडा बुडवून राणूला देतात. ती खाते आणि त्यांच्याकडे बघत राहते.

सुरुवातीला मला फार लागायचं. एक दिवस मी वैतागून म्हटलं, "मामा, अळणी लागते तं रोज काऊन येता?"

मामा म्हणाले, "घरी याच्याहून अळनी भेटते, सूनबाई."

*

ते खरंच होतं. थोड्या दिवसांनी त्यांची सून आली. भाजीची पिशवी हातात, दारातच उभी राहिली. "ताई, मामंजीले बीपी हाय. डॉक्टरनं मीठ बंद केलं. घरी कमी मिठाचं देतो तं रुसून तुमच्याकडे येते. तुमीबी त्यायच्या वाटीत कमीच टाका. पन सांगू नका, नाई तं ते धाब्यावर जाऊन बसतीन."

तेव्हापासून मी रश्शात मीठ टाकायच्या आधी त्यांची वाटी काढून ठेवते. त्यात नावाला चिमूटभर. मामा टक टक करतात, "अळनी" म्हणतात आणि मी चुलीपासून ओरडते, "बरोबर हाय मीठ, मामा! तुमच्या तोंडाले चव नाई!" सगळे हसतात.

एवढी माणसं येतात, एवढी मतं देतात. त्यातलं रोजच्या रोज खरं असणारं मत त्या एका माणसाचं, आणि मी रोज त्यांनाच खोटं पाडते. त्यांच्या भल्यासाठीच, तरी खोटंच ना! मला कशाचीही भीती वाटते, तशी याचीही वाटायची. वाटायचं, पोरगी शेजारी बसून सगळं ऐकते. वाटीतलं तिच्याही तोंडात जातं. तोंडाला एक लागतं, कानावर दुसरं पडतं. म्हणून तर बोलत नसेल?

आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "काईबी डोक्शात घेतं माय तू!"

*

रस्त्याच्या पलीकडे दारूचं दुकान आहे. आमच्याकडे अशा सगळ्या दुकानांवर मोठ्या अक्षरात 'वाईन्स' लिहिलेलं असतं.

एकदा नाशिककडचे एक साहेब आणि बाईसाहेब गाडीतून उतरले. धबधबा बघायला चालले होते. मटण सांगितलं आणि साहेब म्हणाले, याच्यासोबत लाल वाईन पाहिजे. ह्यांनी सांगितलं, इथं बसून पिता येत नाही. साहेब म्हणाले, पिणार संध्याकाळी हॉटेलवर, घेऊन तर ठेवतो. रस्ता ओलांडून गेले आणि लगेच परत आले. तोंड बघण्यासारखं!

"अहो, एवढा मोठा बोर्ड वाईन्सचा आणि आत एकही वाईन नाही! तो म्हणतो, साहेब, ते नुसतं नाव हाय!"

मग त्यांनी गाडीतून स्वतःचीच बाटली आणून दाखवली. आदल्या दिवशीची उघडलेली, अर्धी उरलेली. आत्याबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "हे काय हाय बापा?" साहेबांनी बूच काढून बाटली त्यांच्या नाकापाशी धरली. "द्राक्षाची आहे मावशी. सहा वर्षं जुनी!"

आत्याबाईंनी वास घेतला. त्यांना फार वाईट वाटलं. "लेकरा, सहा वर्षाची हाय तं आंबनारच ना! नासली हे. फेकून दे अन् दुसरी घे."

बाईसाहेबांना हसून हसून ठसका लागला.

साहेब चांगला माणूस होता, रागावला नाही. बसून समजावलं. ही बाटली उघडली की लगेच प्यायची नाही, थोडा वेळ तशीच ठेवायची, हवा लागू द्यायची. घाई केली तर चव बंद राहते. वेळ दिला की खुलते.

ते आत्याबाईंना सांगत होते. पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं.

*

मांस ओळखणारे पण येतात. पांढऱ्या कपड्यांतले एक पाहुणे आले होते. एक तुकडा चावला, डोळे मिटले. "हे बोकड उटनूरच्या रानातलं. पळसाचा पाला खाल्लेलं. शहरात असं मटन भेटत नाही!" सोबतची माणसं माना हलवत राहिली.

आमच्या ह्यांनी त्यांना आणखी रस्सा वाढला. आत्याबाई मात्र हळूच माझ्या कानात म्हणाल्या, "रानातलं म्हनते! आपल्या मांगच्या दारी होतं ना ते. भात खाऊन वाढलं!"

त्या माणसाला खोटं बोलायचं नव्हतं. त्याला रान पाहिजे होतं, म्हणून सापडलं. मला हसू आलंच होतं, तेवढ्यात राणूनं माझा पदर ओढला. मला मागच्या दाराशी घेऊन गेली आणि रिकाम्या खुंट्याकडे बोट केलं. त्या बोकडाच्या मागं मागं ती दिवसभर फिरायची.

तिनं "कुठं?" म्हणून विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. पण तिनं विचारावं, असं मला फार वाटलं.

*

राणूबद्दल तर मतांना तोटाच नव्हता.

ड्रायव्हर म्हणाला, तोते का जूठा अमरूद खिलाओ. म्हणजे पोपटानं टोचलेला पेरू. बँकवाले सार म्हणाले, "अक्का, मोबाईल देऊ नका." मामा म्हणाले, "नाई बोलत तं काय झालं? बोलनारे कमी हाय का इथं?"

आत्याबाई म्हणाल्या, "हिचा बापबी चार वर्साचा होस्तोर बोलला नोता."

सारनी गल्ल्याकडे बघितलं. "मग आता बोलतात का?"

सगळी खानावळ हसली. हे पण हसले, आवाज न करता. मला काही हसू येईना. अंगणवाडीत राणूएवढी पोरं गाणी म्हणतात. टीचर मला बाजूला घेऊन म्हणाली होती, कान तपासून घ्या.

दुसऱ्या दिवशी हे सकाळी कुठंतरी गेले आणि शर्ट फाडून घेऊन आले. राणूच्या हातात एक पेरू ठेवला. एका बाजूनं टोचलेला.



*

मग आम्ही आदिलाबादला कान तपासायला गेलो. मी आणि राणूच. डॉक्टरांनी तिच्या मागून घंटी वाजवली, तिनं वळून बघितलं. हळू वाजवली, तरी बघितलं. डॉक्टर म्हणाले, ऐकू चांगलं येतं. घरी कोणती भाषा बोलता? मी म्हटलं, घरात मराठी, ड्रायव्हर लोकांशी हिंदी, सारशी थोडी तेलुगू. ते म्हणाले, तुम्ही तिच्याशी बोलत राहा. पावसाळा संपेपर्यंत वाट बघू. नाही तर हैदराबादला दाखवावं लागेल.

बाकीचं त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं असेल. मला हैदराबाद तेवढं ऐकू आलं.

परतीच्या बसमध्ये, आदिलाबादबाहेरचं मावला मागं पडल्यापासून मी तिच्याशी बोलत होते. हा ट्रक. ही म्हैस. हे कापसाचं वावर. लोक वळून बघत होते. राणू माझ्या तोंडाकडे बघत होती. इचोडा आलं तेव्हा माझा घसा बसला होता.

ह्यांनी माझा चेहरा बघितला आणि राणूला कडेवर घेतलं. आत्याबाईंनी वाटण करून ठेवलं होतं. मी पदर खोचून हंडी चढवली. हात आपले आपण चालत होते. गिऱ्हाईक येऊन बसलेलं होतं. आत्याबाईंनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्या दिवशी कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

मी वाढलं.

ड्रायव्हर जेवून उठला. धुराचं नाव नाही. "भाभी, आज एकदम बढिया." बँकवाले सार खाली मान घालून जेवले. कारम मागितलं नाही. "बागुंदी, अक्का," म्हणाले. छान आहे म्हणून. मला नवल वाटलं. ह्यांनी दोन घास खाल्ले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाऊ लागले.

मी मामांच्या टक टकची वाट बघत होते. त्यांनी वाटी संपवली. चमचा आवाज न करता खाली ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "आज जमलं, सूनबाई."

मला भरून आलं. वाटलं, आज एक तरी गोष्ट बरी झाली.

राणू त्यांच्या शेजारी बसली होती. हातात त्यांनीच बुडवून दिलेला भाकरीचा तुकडा. तिनं तो तोंडात टाकला. चावला. थोडं थांबली. मग मामांचा चमचा उचलला.

टक टक.

"अळनी."

ह्यांच्या हातातला पाण्याचा जग तसाच हवेत राहिला. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी फळीकडे. मिठाची बरणी सकाळी होती तिथंच होती, झाकण लावलेली; आज मी तिला हातच लावला नव्हता.

मामा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर हाय मीठ, माय."

राणूनं त्यांच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि चमचा पुन्हा उचलला.

टक टक.

"अळनी!"